दुसरा डाव



मागच्या अंकात मलिद्याच्या पोह्यांबद्दल लिहिलं, तर फोनच फोन आले. पोहे जाडे की पातळ, यावर आपल्या लोकांचं एकमत मशीहा आल्यावरच होणार. असो. या खेपेचा विषय अगदी वेगळा आहे. वडीलधाऱ्यांनी लगेच पान उलटू नये. आणि "आजीचं सदर वाच, मराठी सुधारेल" म्हणून ज्या मुलांना बळेच बसवलंय, त्यांनी तर मुळीच उलटू नये. मी व्हिडिओ गेमबद्दल लिहिणार आहे.

हसू नका. २०१२ साली माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सहा आठवडे मी लेकीच्या घरी दिवाणखान्यातल्या सोफ्यावर होते. त्याच दिवाणखान्यात नातवाचा गेम चालायचा. तो तेव्हा पंधरा वर्षांचा. आधी मी नुसती बघायचे, मग "अरे, त्या बाईशी नीट बोल" असं सांगायला लागले. शेवटी वैतागून त्यानं कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आजी, तूच खेळ."

गेमचं नाव "मास इफेक्ट". कॅनडात एडमंटन शहरी बायोवेअर नावाची कंपनी आहे, तिनं तो केला. २००७, २०१० आणि २०१२ अशा तीन वर्षी त्याचे तीन भाग आले आणि २०२१ मध्ये तिन्ही मिळून नव्यानं सजवून काढले. मला आवडलेली एक गोष्ट आधी सांगते. ही कंपनी १९९५ मध्ये काढली ती तीन डॉक्टरांनी. रे म्युझिका, ग्रेग झेश्चुक आणि ऑगस्टीन यिप. वैद्यकीचं शिक्षण पुरं करून नुकते बाहेर पडले होते. त्यातले यिप पुढे परत डॉक्टरकीकडे वळले, बाकीचे दोघे २०१२ पर्यंत खेळच करत राहिले. मला त्या गेममध्ये दवाखान्याचा वास का येतो, ते हे वाचल्यावर समजलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नाटकात नटाला संवाद लिहून दिलेले असतात. इथे समोरचं पात्र बोलतं आणि आपल्यापुढे दोनचार उत्तरं येतात. गोड बोलायचं, खडसवायचं की विषय बदलायचा, ते आपण निवडायचं. निवडाल तसं नाटक पुढे जातं. पहिल्या भागात जे केलं ते तिसऱ्या भागात पुढ्यात येऊन उभं राहतं. काळ आहे २१८३ सालच्या पुढचा. माणसं अंतराळात राहायला गेली आहेत, तिथे इतर जातीजमातींचे जीव आहेत, आणि सगळ्यांच्या जिवावर उठलेली प्रचंड यंत्रं येत आहेत. आपण नॉर्मंडी नावाच्या यानाचे कमांडर शेपर्ड. आडनाव बदलता येत नाही, नाव आपलं आपण ठेवायचं. मी एस्तेर ठेवलं. नातू म्हणाला, "एस्तेर शेपर्ड? साउंड्स लाइक अ लायब्रेरियन." मी म्हटलं, पुरीमची गोष्ट वाच, मग लायब्रेरियन काय करू शकते ते कळेल.

गोळीबार मला जमत नाही. बोटं आता संधिवाताची. पण सगळ्यात सोपी पातळी ठेवता येते आणि मध्येच खेळ थांबवून, चष्मा पुसून, नेम धरता येतो. शिवाय जखमेवर लावायला मेडी-जेल नावाचं मलम आहे, लावलं की माणूस उठून पळायला लागतो. चाळीस वर्षं ड्रेसिंग केलेल्या बाईला ते पाहून हेवा वाटतो.

त्या पहिल्या डावात मला सगळ्यात जवळचे वाटले ते क्वेरियन लोक. त्यांनी स्वतः घडवलेली यंत्रं त्यांच्यावर उलटली, तीनशे वर्षांपूर्वी घरदार सुटलं, आणि तेव्हापासून हे एक कोटी सत्तर लाख लोक सुमारे पन्नास हजार यानांच्या ताफ्यात राहतात. कोणी त्यांना जवळ करत नाही. मुलगा-मुलगी वयात आली की ताफा सोडून बाहेर जायचं आणि परत येताना आपल्या लोकांच्या उपयोगाचं काहीतरी घेऊन यायचं, असा त्यांचा रिवाज आहे. टाली नावाची त्यांची पोर आपल्या यानावर येते. मी नातवाला म्हटलं, अरे, हे तर आपलेच. आपलंही गलबत नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या गेल्या, पण शब्बाथ राहिला, म्हणून तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचा आणि लोकांनी शनवार तेली म्हणायचं. नातवानं पहिल्यांदाच नवगावची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. त्यासाठी तरी मी त्या टालीची ऋणी आहे.

आता नातू मोठा झाला, नोकरीला लागला, दूर राहतो. गेल्या हिवाळ्यात आला तेव्हा त्यानं नवीन आवृत्ती माझ्या टीव्हीला जोडून दिली. बाहेर बर्फ, संध्याकाळी साडेचारला अंधार. म्हटलं, परत खेळू. एकटी.

परत खेळण्यात वेगळी मजा असते. "सौभद्र" आपण दहादा पाहायचो ते काय गोष्ट कळली नव्हती म्हणून? पुढे काय होणार याची धाकधूक संपली की माणूस कोपऱ्यातल्या गोष्टी बघतो. पहिल्या भागातल्या संथ लिफ्टमध्ये बरोबरची मंडळी काय बोलतात, ते मी या वेळी उभी राहून ऐकलं. यानावर डॉक्टर चाक्वास म्हणून पिकल्या केसांची बाई आहे. पहिल्या वेळी तिच्याकडे गेले ती कामापुरती. या वेळी दुसऱ्या भागात तिला हवी असलेली ब्रँडीची बाटली शोधून आणली आणि दोघी बसलो. ड्यूटी संपल्यावर चेंजिंग रूममध्ये आम्ही नर्सेस बसायचो तशा.

पण मला लिहायचं आहे ते मॉर्डिनबद्दल.

क्रोगन नावाची एक जमात आहे. धिप्पाड, भांडखोर, आणि पोरं भरपूर होणारी. इतरांनी त्यांना आपल्या लढाईसाठी वापरून घेतलं. लढाई संपल्यावर ते पसरायला लागले, युद्धं झाली. तेव्हा सलेरियन शास्त्रज्ञांनी एक रोग तयार केला, जेनोफेज. तो क्रोगन लोकांत पसरवला गेला. त्यांच्या बायका गरोदर राहतात, पण हजारात एखादं मूल जगतं. हजाराहून जास्त वर्षं हे चाललं आहे. क्रोगनांच्या शरीरात हळूहळू प्रतिकारशक्ती आली, तेव्हा तो रोग पुन्हा पक्का करणाऱ्यांत डॉक्टर मॉर्डिन सोलस होता.

हा मॉर्डिन फार गोड माणूस आहे, हीच तर पंचाईत. भराभर तुटक बोलतो, गाणं म्हणतो. आपल्याला भेटतो तेव्हा एका गुंडांच्या वस्तीत, साथ चालू असताना, गरिबांचा दवाखाना चालवत असतो. जेनोफेजबद्दल विचारलं की हिशोब मांडतो. लोकसंख्या एवढी, वाढीचा वेग एवढा, नाहीतर युद्ध, युद्धात सगळेच मेले असते. आम्ही मारलं नाही, संख्या स्थिर ठेवली. प्रत्येक आकडा बरोबर.

दुसऱ्या भागात तो आपल्याला तुचांका या क्रोगनांच्या उजाड ग्रहावर नेतो. तिथल्या पडक्या इस्पितळात त्याचा जुना विद्यार्थी मेलॉन जेनोफेजवर इलाज शोधतो आहे. पण कसा? जिवंत माणसांवर क्रूर प्रयोग करून. एका टेबलावर क्रोगन बाईचं प्रेत आहे. मूल व्हावं म्हणून ती आपणहून प्रयोगाला आली होती. मॉर्डिन तिच्यापाशी थांबतो आणि त्याचे आकडे बंद होतात. शेवटी मेलॉनचं संशोधन आपल्या हाती येतं. ठेवायचं की नष्ट करायचं, ते शेपर्डनं ठरवायचं.

२०१२ मध्ये मी ते नष्ट केलं. नातवानं विचारलं, "का आजी?" मी त्याला नाझी डॉक्टरांची हकिगत सांगितली. डाखाऊच्या छळछावणीत कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून माहिती गोळा केली होती. १९४६-४७ मध्ये न्यूरेंबर्गला तेवीस जणांवर खटला चालला, आणि त्यातून नियम निघाला की माणसाच्या राजीखुशीशिवाय त्याच्यावर प्रयोग करायचा नाही. अशा पापातून आलेली माहिती आपण वापरू नये, असं मी म्हटलं. त्याला ते फार पटलं. पुढे शाळेत त्यानं त्यावर निबंधही लिहिला.

उत्तर चांगलं होतं. पण खरं नव्हतं.

हे मला गेल्या हिवाळ्यात, त्याच टेबलापाशी, तोच प्रश्न पुन्हा पडद्यावर आला तेव्हा कळलं. शेजारी नातू नव्हता, त्यामुळे कोणाला काही समजावून सांगायचं नव्हतं. मी पहिल्या वेळी ते कागद का जाळले? कारण मला ती फाइल बंद करायची होती. इस्पितळ, टेबल, मूल नसलेली माणसं आणि बरोबर आकडे सांगणारा सज्जन डॉक्टर. मला तिथून निघायचं होतं.

आता जे सांगते ते घरात कोणालाच कधी सांगितलेलं नाही.

१९७६ साल. देशात आणीबाणी. मी पंचवीस वर्षांची, मुंबईत नर्सिंगची परीक्षा पास होऊन तीन वर्षं झालेली. १९७१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या सुमारे ५५ कोटी भरली होती, आणि भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण होता. कुटुंबनियोजन वाईट नाही. मी स्वतः दोन मुलांवर थांबले आणि माझ्या राजीखुशीनं थांबले. पण त्या वर्षी प्रत्येकाला कोटा आला. मास्तरला कोटा, तलाठ्याला कोटा, दवाखान्याला कोटा. महाराष्ट्रात तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं कायदा झाला नाही एवढंच. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदीची ऑपरेशनं झाली. त्यातली ६२ लाखांच्या आसपास पुरुषांची.

आम्हा काही जणींना एका शिबिराच्या ड्यूटीवर पाठवलं. गावाचं नाव लिहीत नाही. शाळेत टेबलं मांडलेली. माझं काम फॉर्म भरायचं आणि नंतर ड्रेसिंग करायचं. ट्रकमधून वीटभट्टीवरची माणसं आणली होती. त्यातला एक विशीतला असेल. फॉर्ममध्ये एक रकाना होता, हयात मुलांची संख्या. मी विचारलं. तो म्हणाला, "एक पोरगी झाली व्हती बाई, ती गेली."

म्हणजे शून्य. माझं पेन थांबलं. वरिष्ठ मागेच उभे होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, तीन लिहा."

मी तीन लिहिलं.

त्याला लिहिता येत नव्हतं. अंगठ्याला शाई मी लावली. नंतर ड्रेसिंग नीट केलं, अगदी नीट. जखम ओली करू नको, आठवडाभर जड उचलू नको म्हणून सांगितलं. तो विटा उचलणारा माणूस. जाताना मला "येतो बाई" म्हणाला. माझ्यावर रागावला नव्हता. मी त्याच्याशी चांगली बोलले होते ना.

आणीबाणी १९७७ च्या मार्चमध्ये उठली. शाह आयोग बसला. त्याच्या अहवालात लग्न न झालेल्यांची नसबंदी केल्याच्या ५४८ तक्रारी आहेत, ऑपरेशननंतर दगावल्याच्या १,७७४. माझ्या टेबलावरचा माणूस त्यात कुठेच नाही, कारण माझ्या अक्षरात त्याला तीन मुलं होती. कागद बरोबर होता.

मी पुढे अमेरिकेत आले आणि मला वाटलं, ते सगळं तिकडचं. इथेही तेच निघालं. १९२७ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं व्हर्जिनियाच्या कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. आणि आम्ही तिकडे शिबिरं भरवत होतो त्याच १९७६ साली इथल्या सरकारी तपासनिसांचा अहवाल आला. मूळच्या इंडियन लोकांसाठी असलेल्या सरकारी आरोग्यसेवेच्या फक्त चार विभागांत १९७३ ते १९७६ मध्ये ३,४०६ नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि संमतीचे कागद धड नव्हते. तिथेही कोणीतरी सिस्टर रकाने भरत बसली असेल. स्वभावानं चांगलीच असेल.

तर गेल्या हिवाळ्यात मी ते संशोधन ठेवलं. जाळल्यानं टेबलावरची बाई परत येणार नव्हती. ती ज्यासाठी आली होती ते तेवढं कागदांत होतं. तिसऱ्या भागात त्याचं फळ दिसलं. इलाजासाठी जिची गरज असते अशी एक क्रोगन बाई भेटते. मॉर्डिन तिला ईव्ह म्हणतो, म्हणजे आपली हव्वा. शांत, समजूतदार बाई, तिचंही पहिलं मूल गेलेलं. पहिल्या डावात कागद जाळले होते म्हणून ती इलाजात वाचली नव्हती. तेव्हा मला वाटलं होतं की गोष्टच तशी आहे. या वेळी ती जगली. तेरा वर्षांपूर्वी ती माझ्या हातून गेली होती, हे मला दुसऱ्या डावात कळलं.

आणि मॉर्डिन? सलेरियनांची राणीसाहेब शेपर्डला गुपचूप सांगते की इलाजात बिघाड करून ठेवलाय, तू फक्त गप्प बस, मी तुला सैन्य देते. मी दोन्ही डावांत मॉर्डिनला खरं सांगितलं. ते ऐकून तो कोसळत्या मनोऱ्यावर स्वतः जातो, कारण चूक त्याची होती, आणि ती तोच दुरुस्त करू शकतो. गाणं गुणगुणत जातो, परत येत नाही. मी टीव्ही बंद केला आणि अंधारात बसून राहिले.

माझी पाठ थोपटू नका. खेळात खरं बोलायला काय लागतं? एक बटण. मागे वरिष्ठ उभे नसतात, नोकरी जात नाही, घरी पैसे पाठवायचे नसतात.

हा अंक हाती येईल तेव्हा एलुल महिना चालू असेल आणि सेलिहोत म्हणायला सुरुवात झाली असेल. पुढे नव्याचा सण, मग दारफाळणीचा सण, म्हणजे मुलांनो, तुमचा योम किप्पूर. रांबाम स्वतः वैद्य होते. पश्चात्ताप पुरा कधी होतो ते त्यांनी लिहून ठेवलंय. तोच प्रसंग पुन्हा यावा, तेच करणं हातात असावं, आणि तरी माणसानं ते करू नये. भीतीनं नव्हे, अंगात ताकद नाही म्हणूनही नव्हे. लहानपणी मशिदीत हे ऐकलं तेव्हा वाटायचं, तोच प्रसंग पुन्हा कसा येईल? माझ्यापुढे तो प्लास्टिकच्या कंट्रोलरमधून आला. त्यानं माझा पश्चात्ताप पुरा झाला, असं मी म्हणत नाही. खेळ तो खेळच. पण कुठे चुकलं ते त्यानं बोट ठेवून दाखवलं, आणि मी जी सबब नातवाला दिली होती ती माझ्या हातून काढून घेतली.

रांबाम आणखी एक सांगतात. माणसानं माणसाचं केलेलं वाईट देव परस्पर माफ करत नाही, त्या माणसाकडे जावं लागतं. आणि तो माणूस वारला असेल तर दहा जणांना त्याच्या कबरीपाशी नेऊन त्यांच्यासमोर कबूल करावं. मला त्याचं नाव आठवत नाही. तो आहे की गेला, माहीत नाही. विटा उचलणाऱ्यांची कबर किंवा समाधी कोण बांधतो?

म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही दहापेक्षा जास्त आहात. त्या रकान्यात शून्य लिहायचं होतं आणि मी तीन लिहिलं. माझं चुकलं.

नातवाला मी फोन करून आधीच सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजी, दॅट एसे आय रोट..." मी म्हटलं, निबंध चांगलाच होता बाळा, तो तसाच राहू दे, खाली एक ओळ जोड. मुलांनो, तुमच्या आजीआजोबांशेजारी बसून एखादा डाव खेळा. कुठलाही चालेल. त्यांनी एखाद्या ठिकाणी भलतंच बटण दाबलं तर लगेच दुरुस्त करू नका, का ते विचारा. आणि पहिलं उत्तर फार चांगलं आलं, तर काही दिवसांनी पुन्हा विचारा.

पुढच्या अंकात परत स्वयंपाकघरात. खिरीच्या सणाची खीर, नारळाच्या दुधातली. सगळ्यांना शाना तोवा.